रविवारचं पापलेट

वसई स्टेशनकडे निघालेल्या बसमध्ये ललिताबाईंच्या पुढच्याच बाकावर त्यांची नेहमीची मासेवाली भागूबाई आणि तिची नात खुशी येऊन बसल्या. मागे कोण आहे, ते दोघींनी पाहिलं नाही.

"रडतेस कशाला गो?"

"आजी, त्याने मला घोस्ट केलं."

"म्हंजे?"

"भुतासारखा गायब झाला. भांडण नाही, कारण नाही. नऊ दिवस मेसेजला उत्तर नाही."

"भूत बरं, अवसेला तरी येतं. कोन हाय तो?"

"उमेळ्याचा हितेश राऊत."

"निळ्या गेटवाल्यांचा? त्याच्या आईसाठी मी दर रविवारी पापलेट बाजूला ठेवते! आता तिलाच घोस्ट करते. भांडन नाय, कारन नाय. दारावरून जाईन, पन हाक मारनार नाय."

"आईची काय चूक?"

"मग त्याला जल्माला कोनी घातला?"

ललिताबाई तोंडावर ओढणी घेऊन पुढच्याच थांब्यावर उतरल्या आणि त्यांनी फोन लावला.

"हितेश, त्या खुशीला आत्ताच्या आत्ता उत्तर दे. नको असेल तर नको म्हण, पण तोंडाने म्हण. रविवारी ताईच्या सासरचे जेवायला येणार आहेत."