घाट उतरेपर्यंत

मी, सलील दत्तात्रेय आठले, वय ६४ वर्षे, सरकारी कारखान्याच्या हायड्रॉलिक विभागातून निवृत्त, सध्या घरामागच्या शेडमध्ये गिअरबॉक्सची दुरुस्ती करतो, राहणार नगरा, झाँसी, उत्तर प्रदेश. आज शुक्रवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी येथील ठाण्यात स्वतः हजर राहून विचारल्यावरून सांगतो की, जबाब लिहून घेणाऱ्या उपनिरीक्षक तन्वी सरदेसाई या पुण्याच्या आहेत. दुसऱ्या एका तपासासाठी त्या झाँसीत आल्या होत्या, तेवढ्यात ही तक्रारही त्यांच्या गळ्यात पडली. ठाण्याचे दीवानजी, म्हणजे हेड कॉन्स्टेबल, हिंदीत लिहिणार होते, पण बाई म्हणाल्या, मराठीत सांगा. माझी मराठी इथली आहे, मधूनमधून हिंदी येईल, ती तशीच राहू द्यावी.

आशुतोष सुभाषचंद्र नेवरेकर, राहणार पुणे, यांची तक्रार अशी की, त्यांच्या नावावरची डिझेल पिकअप मी दुरुस्तीच्या निमित्ताने ठेवून घेतली आणि परस्पर विकून टाकली. मी ती विकलेली नाही. ती त्यांच्या आई मृदुला नेवरेकर, वय ६१, यांच्याकडे आहे आणि त्या स्वतः ती चालवत आहेत. चावी मी दिली. आशुतोषला हे पटणार नाही, कारण सात वर्षांपूर्वीच्या पक्षाघाताच्या झटक्यापासून आईचा डावा पाय कामातून गेला आहे आणि तिला स्टिअरिंगमागे बसलेलं त्याने जन्मात पाहिलेलं नाही. त्याला मी गुडघ्याएवढा असल्यापासून ओळखतो. मुलगा वाईट नाही. आईची काळजी करता करता तिला काही करू द्यायचं राहून गेलं, एवढंच.

गाडी आत्ता कुठे आहे ते मला ठाऊक आहे, पण ते मी दुपारी दीडनंतर सांगेन. मृदुलावहिनींना आज एक मोठा उतार उतरायचा आहे. मध्येच कुणी अडवून चावी काढून घेतली, तर ती पुन्हा त्यांच्या हातात येणार नाही. गाडी चालवताना फोन बंद ठेवायला मीच सांगितलं आहे, त्यामुळे लावून उपयोग नाही. बाईंनी ही अट मान्य नसल्याचं सांगितलं आणि लिहून मात्र घेतली.

सुभाषचंद्र नेवरेकर माझ्याच कारखान्यात होता. बत्तीस वर्षं आम्ही एका डब्यात जेवलो. त्याचं घराणं सात पिढ्यांमागे कोकणातून इकडे आलं. कोण कुठले विचारलं की ते लोक अजून ‘नेवऱ्याचे’ असं सांगतात, आणि नेवरं एकानेही पाहिलेलं नाही. सुभाष म्हणायचा, निवृत्त झालो की मी आणि मृदुला गाडीने जाऊ, वाटेत गाडीतच झोपू आणि गावाला तोंड दाखवून येऊ. त्यासाठी त्याने ही पिकअप घेतली. मुलाच्या ओळखीने ती पुण्यात घेतली म्हणून नाव मुलाचं लागलं. मागे लाकडी बिछाना केला, वर ताडपत्रीचं छत केलं. एवढं वजन ओढायला इंजिनची ताकदही वाढवून आणली, आणि तिथेच घोडं पेंड खायला लागलं.

बाई विचारतात की इंजिनची ताकद वाढल्याने बिघडलं काय. गिअरबॉक्स ऑटोमॅटिक होता. तो मुद्दाम घेतला होता, कारण क्लच नाही म्हणजे डाव्या पायाला काम नाही. सुभाष बोलला नव्हता, पण कधीतरी मृदुलावहिनींनी चालवावी हे त्याच्या मनात होतं, असं मला वाटतं. आम्ही दोघं त्या गिअरबॉक्सला पेटी म्हणायचो. तिच्यात दातांना दात भिडवून कुणी जोर लावत नाही, सगळा भार तेलाच्या दाबावर असतो. मूळ पेटी जुन्या इंजिनच्या मापाची होती. नव्या ताकदीपुढे तिसऱ्या गिअरला आतल्या पकडीच्या प्लेटा घसरायला लागल्या. मी तेल काढून हुंगलं, तर करपलेल्या गुळासारखा वास आला.

मग आम्ही पेटी उतरवून शेडमधल्या टेबलावर उघडली. जास्त पकडीच्या प्लेटा, इंजिनचा जोर पेटीत आणणारा मजबूत कन्व्हर्टर, खोल तळाचं तेलपात्र आणि पुढे एक जादा कूलर, एवढं काम ठरलं. बाई म्हणाल्या थोडक्यात सांगा. थोडक्यात सांगण्यासारखी ती पेटी नाही. तिच्या पोटात ॲल्युमिनियमची एक जाड पाटी असते, तिच्यावर तेलाच्या वाटा कोरलेल्या असतात, वळत वळत एकमेकींत शिरणाऱ्या. एखादी वाट किंचित रुंद केली तर गिअर लवकर पकडतो. सुभाष दुपारी येऊन त्या पाटीवर बोट फिरवत बसायचा आणि म्हणायचा, ही बघ बेतवा, ही नर्मदा, इथे तापी ओलांडली, आणि बोट पाटीच्या कडेला नेऊन थांबवायचा. मलाही सवय लागली. डोळे मिटले की त्या वाटांतून तांबडं तेल हळूहळू पुढे सरकताना दिसायचं, आणि आपण त्यात तरंगत कुठेतरी खाली, दूर चाललो आहोत असं वाटायचं.

फेब्रुवारीच्या नऊ तारखेला सुभाष गेला. पेटी टेबलावर उघडी होती. मी तिच्यावर जुनं धोतर टाकलं आणि दोन महिने शेडमध्ये गेलो नाही. मला फार एकटं वाटत होतं, हे लिहायला माझी हरकत नाही.

एप्रिलमध्ये मृदुलावहिनी ई-रिक्षाने शेडवर आल्या. काठी टेकत टेबलापाशी गेल्या, धोतर बाजूला केलं, त्या वाटांकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, “भावजी, ही बंद करा आणि गाडीत बसवा. आणि मला चालवायला शिकवा. ते हो म्हणाले असते, तेव्हा तुम्ही विचार करू नका.”

मी विचार केला, पण पेटी बसवली. शिकवायला सकाळी सहाला छावणीचे रस्ते निवडले. तिथे दोन्हीकडे बंगले, मोठाली झाडं, हॉर्न नाही, गाई नाहीत. फाटकावरचा जवान रोज हसून विचारायचा, “आंटीजी, आज कितने चक्कर?” वहिनी सांगायच्या, “जितने में ये थक जाएँ,” आणि माझ्याकडे बोट दाखवायच्या.

पहिल्या दिवशीची एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण त्यात मी नियम मोडला आहे. या पेटीला एक छोटा कॉम्प्युटर असतो. चालवणाऱ्याचा पाय कसा पडतो ते तो शिकतो आणि त्याप्रमाणे गिअर बदलतो. पेटीत नवीन भाग घातले की ही जुनी आठवण आधी पुसावी लागते, नाहीतर नव्या प्लेटांना त्रास होतो. हे मला पक्कं माहीत होतं. तरी मी पुसली नव्हती. आम्ही निघालो. गाडीने दुसरा गिअर धरून ठेवला, धरूनच ठेवला, आणि इंजिन कंटाळल्यावर तिसरा टाकला. सुभाषची रीत तशीच होती. गिअर सोडायला त्याच्या जिवावर यायचं. वहिनींनी स्टिअरिंगवरचे हात सैल केले आणि म्हणाल्या, “हे त्यांचं चालवणं आहे.” मी सांगितलं की हे आज पुसायचं आहे. त्या म्हणाल्या, “एक चक्कर होऊ द्या.”

ती एक चक्कर झाली. वहिनींचा पाय पेडलवर जेमतेम टेकलेला होता, उन्हाचे कवडसे काचेवरून सरकत होते, आणि गाडी सुभाषच्या पद्धतीने, त्याच्याच घाईत नसलेल्या चालीने आम्हाला घेऊन चालली होती. मागच्या बिछान्यावर तो आडवा पडला आहे आणि आत्ता काहीतरी टोमणा मारेल असं मला वाटलं. मी मागे वळून पाहिलं नाही. वहिनींनीही पाहिलं नाही. फाटकापाशी गाडी थांबली तेव्हा त्यांनी स्वतःच किल्ली फिरवून मला सांगितलं की पुसा. मी लॅपटॉप जोडला आणि पुसून टाकलं. त्या कामाला चाळीस सेकंद लागतात.

त्यानंतर पेटी वहिनींचा पाय शिकली. दोन महिने आम्ही एक दिवसाआड बरुआसागरला जाऊन आलो. तलावाकाठी गाडी उभी करायची, मी तेलाचं तापमान बघायचं, त्यांनी थर्मासमधला चहा ओतायचा. त्यांचा पाय हलका आहे, त्यामुळे गिअर आता कधी बदलतो ते कळतही नाही. कुणालाही त्या गाडीत बसवा, ती एरवी कोण चालवतं हे मी डोळे मिटून सांगेन. जूनमध्ये त्यांनी ऑटोमॅटिक गाडीच्या लायसन्सची चाचणी दिली आणि पहिल्याच फेरीत पास झाल्या. लायसन्सची प्रत सोबत जोडली आहे.

यानंतर गेल्या रविवारी आशुतोषने मला फोन करून कळवलं की गाडी विकायची ठरली आहे, मंगळवारी माणूस न्यायला येईल. बाबांची गाडी बघून आईला त्रास होतो, असं तो म्हणाला. मी होकारही दिला नाही आणि नकारही. मी संध्याकाळी वहिनींना ते सांगितलं आणि त्यांनी चावी मागितली. सोमवारी पहाटे त्या निघाल्या. निघताना म्हणाल्या, “भावजी, तुम्हीही चला.” माझे गुडघे दुखतात, एवढ्या लांबचा प्रवास सोसत नाही, म्हणून मी गेलो नाही. मंगळवारी माणूस आला, शेड रिकामी दिसली, आणि तक्रार झाली.

रोज मुक्कामाला पोचल्यावर त्या मला तेलाचं तापमान कळवतात. आशुतोषचाही फोन घेतात आणि जेवले, बरी आहे, एवढंच सांगतात, जे खोटं नाही. काल त्या पुण्यातून गेल्या. मुलाच्या इमारतीसमोरच्या टपरीवर त्यांनी चहा घेतला. वर बाल्कनीत नातवाचा शाळेचा शर्ट वाळत होता, तो वाळेपर्यंत बसावंसं वाटलं, असं मला म्हणाल्या. मग त्या उठून गाडीत बसल्या. वर गेले असते तर प्रेमाने अडकवलं असतं, म्हणाल्या.

आता घड्याळात एक वाजून पाच मिनिटं झाली आहेत. बाईंनी तिसऱ्यांदा ठिकाण विचारलं आहे. मी पुन्हा तेलाबद्दल सांगायला लागलो तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं आणि चहा मागवला. तो त्या फार सावकाश प्यायल्या. का, ते मी विचारलं नाही.

माझी भीती अशी आहे. सपाट रस्त्यावर ही पेटी मी पारखली आहे. झाँसीत घाट नाही. एवढं वजन पाठीवर घेऊन लांब उतारावर ती दुसऱ्या गिअरला गाडी रोखून धरेल की नाही, हे मी फक्त कागदावर पाहिलं आहे. वहिनींना मी बजावलं आहे की माथ्यावर अर्धा तास थांबा, दुसरा गिअर टाका, ब्रेकवर पाय ठेवून बसू नका, पेटीवर विश्वास ठेवा. म्हणजे माझ्यावर ठेवा, असाच त्याचा अर्थ होतो. खाली उतरल्यावर एक मिस्ड कॉल द्यायचा आणि काही बिनसलं तरच वाजू द्यायचं, असं ठरलं आहे. माझा फोन बाईंच्या टेबलावर ठेवला आहे.

एक वाजून अठ्ठावीस मिनिटांनी फोन वाजला. एकदा वाजला आणि बंद झाला. आम्ही दोघंही फोनकडे पाहत होतो. तो पुन्हा वाजला नाही.

आता सांगतो की, सदर पिकअप आंबा घाट उतरून साखरप्याच्या बाजूला आहे, संध्याकाळपर्यंत रत्नागिरी जिल्ह्यात नेवरे येथे पोचेल. बाईंनी माझ्यासमोर आशुतोषला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. आई स्वतः चालवते आहे का, असं त्याने दोनदा विचारलं. मग म्हणाला, “काका, घाट उतरली ना ती?” मी म्हटलं, “उतरली.” तक्रारीचं काय करायचं ते तो कळवेल.

त्यानंतर बाईंनी विचारलं की परत येताना हाच घाट चढावा लागेल, तेव्हा काय. चढताना तेल उतारापेक्षा जास्त तापतं, मध्ये थांबून कुणीतरी ते बघावं लागतं, आणि वहिनींना गाडीखाली वाकता येत नाही. हा विचार मी केला नव्हता.

वरील जबाब मला मराठीत वाचून दाखवला. तो ऐकल्यावर दोन दुरुस्त्या सांगतो. मी गुडघ्यांमुळे गेलो नाही असं वर लिहिलं आहे, ते खरं नाही. माझे गुडघे ठणठणीत आहेत. सुभाषच्या जागेवर बसायची मला भीती वाटली. दुसरी दुरुस्ती अशी की, पुढील तपासासाठी माझी गरज लागल्यास नगऱ्याच्या पत्त्यावर मी सापडणार नाही. आज दुपारी मिळेल त्या गाडीने मी निघतो आहे. त्यानंतरचा पत्ता, मृदुला नेवरेकर यांची पिकअप, मुक्काम नेवरे, असा लिहावा. बाकी सगळं मी सांगितलं तसंच आहे.

सही / सलील दत्तात्रेय आठले