कपाटातली बाहुली

रक्त तपासायच्या खोलीबाहेर एक आई तापलेल्या बाळाला खांद्यावर घेऊन बसली होती. शेजारी दोघी शिकाऊ डॉक्टर बोलत होत्या.

"तान्ह्या बाळाचं रक्त घेतलंयस कधी?"

"कुठलं गं! सर दाखवत होते तेव्हा तीस जणांच्या मागे उभी होते. सरांची पाठ तेवढी दिसली," चष्मेवाली म्हणाली.

"तुझ्या नोंदवहीत तर दहा वेळा केल्याची सही आहे!"

"सगळ्यांच्याच आहे."

"आणि सरावाची रबरी बाहुली?"

"कुलपात. कॉलेजच्या तपासणीला साहेब आले की बाहेर काढतात. एरवी खराब होते म्हणे!"

"म्हणजे बाहुली जपायची आणि हात लोकांच्या पोरांवर बसवायचा! लाज कशी वाटत नाही यांना?"

दार उघडून सिस्टरने बाळाला आत बोलावलं. चष्मेवाली हातमोजे चढवत उठली.

"सिस्टर, सुई तुम्ही धरा," आई म्हणाली. "आणि यांना माझ्याशेजारी उभं करा. तुमची पाठ नको, हात दिसू देत त्यांना."