ताडपत्रीखालची मोटार

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि या प्रसूतिगृहाच्या विश्वस्त मंडळाचेही अध्यक्ष माननीय आप्पासाहेब निकुंभ, व्यासपीठावर शेजारी बसलेले विश्वस्त डॉक्टर सोनजे आणि वकीलसाहेब गायधनी, आजच्या सत्कारमूर्ती सुलाबाई पगारे, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या पगारे सिस्टर, नर्सभगिनी, आयाबाई, आणि लेकरांना मांडीवर घेऊन दिंडोरी-कळवणापासून आलेल्या माझ्या मायबहिणींनो,

निरोपाच्या भाषणात चांगले तेवढेच बोलावे असा रिवाज आहे. मी तो पाळणार आहे. सिस्टरांबद्दल चांगले बोलायचे तर गाडीबद्दल बोलावे लागते, आणि गाडीबद्दल बोलायचे तर विश्वस्तांबद्दल. त्याला माझा इलाज नाही. मी वर्तमानपत्रात काम करणारा माणूस आहे. आमचे पान रात्री ठरल्या वेळी मशीनवर चढते, त्यामुळे विषय पुढच्या सभेवर ठेवण्याची कला मला कधी शिकता आली नाही. ती मी या व्यासपीठाकडे नुसती पाहत आलो.

जुन्या मंडळींना आठवत असेल, कैलासवासी त्रिंबकशेठ कोठावद्यांनी या संस्थेला एक काळी विलायती मोटार दिली होती. खेड्यातली बाळंतीण अडली की ही मोटार जायची आणि तिला घेऊन यायची. शेठजी गेले, मोटार राहिली. १९७३ साली चांदवडच्या घाटात ती बसली. इंजिन चालू होते, पण खालचा सांगाडा गंजून चिरला होता. ओढून आणून ती मागच्या पडवीत उभी केली आणि तिच्यावर ताडपत्री टाकली. मग विश्वस्त मंडळासमोर प्रश्न आला, की या गाडीचे करायचे काय?

आता हा प्रश्न किती अवघड आहे? तुमच्या-माझ्या घरी पाटा फुटला तर आपण किती सभा घेतो?

आप्पासाहेबांचे मत होते, गाडी भंगारात काढावी. कारण जागा मोकळी होईल. जागा कशाला हवी? तर तिथे त्यांच्या वडिलांच्या नावाची पाणपोई बांधायची होती. डॉक्टरांचे मत होते, गाडीचे भाग सुटे करावेत, एखाद्या गरजू गाडीला उपयोगी पडतील. विचार उदात्त होता. फक्त त्या बनावटीची दुसरी गाडी साऱ्या नाशकात एकच होती आणि ती डॉक्टरांच्या दारात होती. वकीलसाहेबांचे मत होते, गाडी जतन करावी. ते म्हणाले, "दात्याची स्मृती आहे. स्मृती मोडीत काढता येत नाही." दुरुस्त करून चालवायची का, असे विचारले तर म्हणाले, "जतन म्हणजे जतन. चालवली की झिजते."

तीन विश्वस्त, तीन मते. घटनेप्रमाणे मालमत्तेचा ठराव एकमताने व्हावा लागतो. म्हणून दरवर्षी सभा व्हायची, चहा व्हायचा, चिवडा व्हायचा आणि विषय पुढच्या सभेवर जायचा. मधल्या काळात गाडीचा आरसा कुणीतरी तपासणीसाठी नेला. पाठोपाठ वायपर गेले. आज डॉक्टरांच्या गाडीला आरसे आहेत, हे पाहून मला समाधान वाटते.

वर्षातून एक दिवस मात्र तिघांचे एकमत व्हायचे, तो म्हणजे खंडेनवमीचा. त्या दिवशी आपल्याकडे हत्यारे, यंत्रे, वाहने पुजतात. ती चालती असावीत अशी त्यामागे कल्पना असावी. इथे ताडपत्री काढायची, हळदकुंकू वाहायचे, झेंडूचा हार घालायचा, नारळ फोडायचा, फोटो काढायचा आणि ताडपत्री पुन्हा घालायची. ज्या गाडीला जागचे हलता येत नव्हते, तिला निर्विघ्न प्रवासाचा आशीर्वाद मिळत होता. हे सहा वर्षे चालले. बाळंतिणी त्या काळात येत होत्या बैलगाडीतून, एस.टी.तून, दुधाच्या टेम्पोतून. पगारे सिस्टर प्रत्येक सभेला दारात उभ्या राहून म्हणायच्या, "साहेब, मोडा, विका नाहीतर चालवा. तिन्हीपैकी काहीही करा, पण करा." वकीलसाहेब म्हणायचे, "सिस्टर, हा धोरणाचा प्रश्न आहे. तुम्ही वॉर्डात बघा."

सिस्टर वॉर्डात बघत होत्याच.

१९७८ च्या दसऱ्यानंतरची गोष्ट. कळवणाकडच्या एका वाडीतून शकुबाई नावाची बाई आली. कांद्याच्या ट्रॉलीत गोणपाट टाकून तिला आणले होते. निम्म्या वाटेत ट्रॅक्टर बंद पडला, दुसरा मिळेपर्यंत दिवस गेला. ती पोचली तेव्हा उशीर झाला होता. बाई वाचली. मूल नाही वाचले.

चार दिवसांनी ती मागच्या ओट्यावर उन्हाला बसली होती. वाऱ्याने ताडपत्रीचा कोपरा उडाला होता आणि काळ्या मोटारीच्या नाकावर पूजेचा हार सुकत होता. शकुबाईने विचारले, "सिस्टरबाई, ही गाडी कोनाची?"

सिस्टर म्हणाल्या, "दवाखान्याची. आपलीच."

"मंग मला न्यायला का नाय आली?"

सिस्टरांनी काय उत्तर दिले ते मला माहीत नाही. त्या सांगत नाहीत. एवढे मात्र खरे, की त्यानंतर त्या कुठल्याही सभेच्या दारात उभ्या राहिल्या नाहीत. विश्वस्तांना वाटले, बाई समजूतदार झाली.

पुढच्या उन्हाळ्यात मालेगावचा जमील इथे आला. त्याची बायको हाजरा इथेच बाळंत झाली. अवघड बाळंतपण होते, सिस्टरांनी पार पाडले. जमीलचे हायवेला गॅरेज. मुलगी झाली म्हणून पेढे घेऊन आला आणि मेकॅनिकची जात, ताडपत्री उचलून बघितल्याशिवाय राहवेना. म्हणाला, "सिस्टर, इसका इंजन तो जिंदा है. बाडी सड गई. दफनाया किसने?"

सिस्टर म्हणाल्या, "तीन मोठ्या माणसांनी."

"मेरे पास उलटा माल है. सरकारी लिलाव की जीप. बाडी पहलवान, इंजन मय्यत."

इथे मी विश्वस्तांचे लक्ष वेधू इच्छितो. जे तुम्हाला सहा वर्षांत ठरवता आले नाही, ते पेढ्यांचा पुडा सुटेपर्यंत ठरले. मोटारीचे इंजिन जमीलच्या जीपमध्ये बसवायचे. ती जीप संस्थेची. मोटारीचा उरलेला पत्रा, काचा, चाके जमीलची. मालेगावचे कापड मुंबईला टाकून एक ट्रक रिकामा परत चालला होता. त्याने मोटारीला टोचन लावले आणि ओढत नेली.

आणि पडवीत? पडवीत सिस्टरांनी दोन मोडक्या खाटा उभ्या-आडव्या रचल्या, त्यावर तीच ताडपत्री घातली आणि खाली विटा ठेवल्या. गाडीचा आकार हुबेहूब. सगळा पावसाळा विश्वस्त तिथून येत-जात होते. त्या काळात आप्पासाहेबांनी पाहुण्यांना ताडपत्री दाखवून "आमच्या शेठजींची मोटार" असे सांगितल्याचे मी या कानांनी ऐकले आहे. वकीलसाहेब तर जाताना हात जोडायचे. त्या दोन खाटांइतका मान या शहरात मोजक्याच माणसांना मिळाला असेल.

मग आली १९७९ ची खंडेनवमी. मी त्या दिवशी इथे हजर होतो, आमच्या छायाचित्रकाराला घेऊन. गुरुजी आले, हार आले, शंभरेक माणसे जमली. आप्पासाहेबांनी स्वतःच्या हाताने ताडपत्री ओढली. खाली खाटा.

गुरुजी बिचारे ताम्हन घेऊन उभे. डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, गाडी?"

सिस्टर म्हणाल्या, "येतेय."

आणि खरोखरच फाटकात हॉर्न वाजला. जमील जीप घेऊन आला होता. गाडी रिकामी नव्हती. वाटेत पिंपळगावला एका पोरीला कळा सुरू झालेल्या, तिला आणि तिच्या आईला त्याने मागे घातले होते. सिस्टरांनी हार-नारळवाल्यांना बाजूला सारले, स्ट्रेचर आणवले, पोरीला आत नेले. जाताना गुरुजींना म्हणाल्या, "काका, आता करा पूजा. गाडी आहे."

गुरुजी म्हणाले, "यजमान, वेळ चालली आहे. वाहन कोणते धरू?"

आप्पासाहेबांच्या हातात नारळ, समोर शंभर माणसे आणि आमचा कॅमेरा. काय म्हणणार? म्हणाले, "हेच धरा." तिघांनी हार घातला. तिघांनी नारळाला हात लावला. दुसऱ्या दिवशी आमच्या अंकात फोटो छापून आला, 'प्रसूतिगृहाच्या नव्या वाहनाचे विश्वस्तांच्या हस्ते पूजन'. फोटोत तिघेही हसत आहेत.

खरे म्हणजे तिघांनीही पेढे वाटायला हवे होते. डॉक्टरांना भाग सुटे हवे होते, ते झाले. आप्पासाहेबांना भंगार हवे होते, जमीलने पत्रा भंगारातच घातला. वकीलसाहेबांना जतन हवे होते, शेठजींचे इंजिन आजही धडधडते आहे. तिन्ही ठराव एकाच वेळी अमलात आले. पण ते एका नर्सने आणले ना. मग कसे चालेल?

दिवाळीनंतर सिस्टरांवर आरोपपत्र निघाले. संस्थेची मालमत्ता परवानगीशिवाय हलवली. चौकशी अधिकारी वकीलसाहेब. पहिल्या बैठकीत त्यांनी विचारले, "पगारेबाई, संस्थेची मोटार सध्या कुठे आहे?"

सिस्टर म्हणाल्या, "साहेब, दारात उभी आहे. तुमची स्कूटर बिघडली म्हणून आत्ताच तुम्ही तिच्यातून आलात."

ती बैठक तिथेच तहकूब झाली. चौकशी मात्र संपली नाही. गाडीच्या प्रश्नाप्रमाणे तीही पुढच्या सभेवर, पुढच्या सभेवर अशी चालत आली आहे. आज १९८६ साल आहे. त्या जीपमधून आलेली पोरे शाळेत जाऊ लागली. उद्यापासून सिस्टर निवृत्त होतील आणि चौकशी सेवेत राहील.

मंडळी, हसायला ठीक आहे. मीही इतकी वर्षे हसत होतो. गेल्या आठवड्यात या भाषणासाठी माहिती विचारायला सिस्टरांकडे गेलो. त्यांनी चहा ठेवला आणि म्हणाल्या, "भाऊ, भाषण कसलं करता. मला ती शाल घ्यायची नाही."

मी विचारले, "का हो?"

म्हणाल्या, "माझी लेक मनमाडला दिली आहे. जावई रेल्वेत. चांगली माणसं आहेत, पण चाळीतल्या बाया तिला विचारतात, तुझ्या आईवर केस आहे ना, काय चोरलं होतं गं? सासू बोलत नाही, पण ऐकून घेते. पोरगी म्हणते, आई, रिटायर झालीस की सांगता येईल, मिटलं म्हणून. आता काय सांगू? मिटलं नाही, शाल दिली?"

या बाईच्या हातून या जिल्ह्यातली किती माणसे जगात आली याचा हिशेब मी करत नाही. पण तिच्या लेकीला चाळीत खाली मान घालून पाणी भरावे लागते, आणि त्याचे कारण काय, तर तीन शहाण्या माणसांना एक जुनी गाडी मोडावी की ठेवावी हे ठरवता आले नाही, आणि जिने ठरवले तिला माफही करता आले नाही.

अध्यक्षमहाराज, आता माझी एक सूचना. मंडळ तीन जणांचे आहे आणि तिघेही व्यासपीठावर आहेत. म्हणजे सभा भरली आहे. चहा झाला आहे, चिवडा मी आत पाहिला. चौकशी बंद करून सुलाबाई पगारे यांना निर्दोष ठरवण्यात येत आहे, इतकाच ठराव. ज्यांना मान्य असेल त्यांनी हात वर करावा. मी भाषण थांबवून उभा राहतो.

डॉक्टर, आभारी आहे.

आप्पासाहेब, सत्काराचा नारळ डॉक्टरांजवळ द्या, हात मोकळा होईल. हां. आभारी आहे.

वकीलसाहेब काय म्हणताहेत? सभेची लेखी नोटीस लागते. बरोबर आहे साहेब, कायदा तुमच्याकडे आहे. पण खंडेनवमीच्या त्या फोटोत हार घालताना तुम्ही कुठली नोटीस वाचत होतात? तो फोटो आमच्या कचेरीत आहे आणि उद्याच्या अंकात पहिल्या पानावर तीन कॉलम जागा मी रिकामी ठेवून आलो आहे. एक तर तिथे हा ठराव जाईल, नाही तर तुमचा हसरा फोटो आणि खाली आरोपपत्र. घाई नाही. सभागृहही थांबलेले आहे.

खांद्यापर्यंत आला. पुरे. इतक्या वर्षांत वकीलसाहेबांचा हात याहून वर गेलेला मी पाहिलेला नाही. ठराव एकमताने मंजूर.

सिस्टर, आता उठा आणि शाल घ्या. आमचा मनमाडचा गठ्ठा पहाटेच्या गाडीने जातो. तुमच्या लेकीच्या चाळीत मी उद्या घरटी एक अंक टाकायला सांगतो, सासूबाईंच्या हातात पहिला.

आपण शांतपणे ऐकून घेतलेत याबद्दल सर्वांचे आभार. व्यासपीठावरच्या थोरामोठ्यांना माझ्या बोलण्यातले काही लागले असेल, तर त्यांनी उदार मनाने क्षमा करावी. त्यासाठी एकमताची गरज नाही, ज्याने त्याने आपापली केली तरी चालेल. नमस्कार.