केकवरचं पांढरं

...आणि वर मलाच विचारते, "अहो, घाम कसला फुटलाय एवढा? ओव्हनमध्ये केक ठेवला होता की तुम्ही बसला होतात?" आता काय सांगणार हिला, सांगा! घाम फुटतो माणसाला, उकडतं म्हणून फुटतो, कशाला फुटायला हवं दुसरं कारण... पण तुम्हाला म्हणून सांगतो, मी काही भित्रा माणूस नाही. तीस वर्षं लोकांच्या तोंडात जाणाऱ्या वस्तू करतोय मी. दात हो, दात! कवळ्या, कॅप, ब्रिज... डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेतात, माझ्याकडे धाडतात, मी त्या मापात प्लास्टर ओततो, साचा काढतो आणि साच्यावर दात बसवतो. माणूस माझ्या ओळखीचा नसतो, पण रस्त्यात कुणी हसलं की मी ओळखतो, वरचा डावा सुळा आपला! अशा माणसानं एका केकला घाबरावं? तोही सफरचंदाच्या? पण घाबरलो. पाचावर धारण बसली माझी.

त्याचं असं झालं, आमचे थोरले डॉक्टर झाले रिटायर आणि दवाखाना आला त्यांच्या मुलीकडे. पोरगी हुशार, बोलायला गोड, मला काका म्हणते. आणि गेल्या महिन्यात तिनं आणलं मशीन. फ्रिजएवढं... नाही, फ्रिजपेक्षा जरा बुटकं. या बाजूनं कॉम्प्युटरवर दाताचं चित्र काढायचं, त्या बाजूनं दात बाहेर! तासाभरात! मला एका दाताला दोन दिवस लागतात, तेही लाइट गेली नाही तर. मी आपला हात मागे बांधून बघत उभा. मशीननं घुर्र केलं आणि टपकन एक दाढ पडली. मी उचलून बघितली, फिरवून बघितली, खोट सापडावी म्हणून देवाचा धावा केला. वाईट नव्हती हो! तेच तर वाईट!

आणि गुरुवारी तिचा फोन. "काका, रविवारी पाच वाजता घरी येऊ का? थोडं बोलायचंय." घरी! आता तुम्हीच सांगा, चांगली बातमी द्यायला कुणी घरी येतं का? चांगली बातमी माणूस फोनवर ओरडून सांगतो. वाईट असली की मग घरी येतो, खुर्चीत टेकतो, पाणी पितो, "पडदे छान आहेत हं" म्हणतो, आणि मग हळूच... तीन दिवस मी पडद्यांकडे बघत होतो.

आमची ही म्हणाली, "भिताय काय एवढे? तिला माझा सफरचंदाचा केक आवडतो. फ्रॉकात होती तेव्हा बापाचं बोट धरून यायची आणि दोन-दोन तुकडे हाणायची. केक करू. खाल्ल्या मिठाला माणूस जागतो, केकला नाही जागणार?" म्हटलं, मी कुठं भितोय, मी काही भित्रा माणूस नाही. झालं, ठरलं. आणि शनिवारी ही घसरली न्हाणीघरात. उजवं मनगट मुरगळलं. टम्म! लाडू झाला हाताचा! मला वाटलं सुटलो, आता बिस्किटांवर भागेल. तर ही म्हणते, "केक तुम्ही करायचा. मी सांगेन तसा." म्हणजे लग्नापासून जे चाललंय तेच, फक्त ओव्हन जास्तीचा.

रविवारी दुपारी ही स्वयंपाकघरात मधोमध खुर्ची टाकून बसली, हात गळ्यात. "सफरचंदं सोला. फोडी करा. लहान करा." केल्या. "आणा बघू इकडे... अहो, या काय फोडी आहेत?" बघतो तर काय, हात सवयीचा मेला! एकेक फोड म्हणजे दाढ! चार टोकं, मधे खाच, खाली मुळं काढायचीच तेवढी राहिलेली. ही म्हणाली, "बत्तिशी पुरी झाली असेल तर उरलेली माणसासारखी चिरा." पुढे मग लोणी फेटा, साखर घाला, अंडी एकेक करून घाला, मैदा चाळा, दालचिनी चिमूटभर, "चिमूट म्हणजे मूठ नव्हे!"... सगळं केलं. ओव्हनमध्ये गेलं. पाऊण तासानं असा वास सुटला म्हणता घरभर, की खोटं कशाला बोलू, पाच मिनिटं मी मशीन विसरलो.

आणि मग ही म्हणाली, "आता वरचं ग्लेझ करा. पिठीसाखर, लिंबाचा रस, चमचाभर दूध. गुठळी राहता कामा नये." गुठळी! मला सांगते! भुकटी ओल्यात कालवायची म्हटलं की माझा हात कोण धरणार? आधी भांड्यात ओलं घ्यायचं. मग भुकटी चमच्यानं वरून भुरभुरवायची, बदाकन ओतायची नाही. ढवळायचं ते कडेकडेनं, आत हवा कोंडू द्यायची नाही. मग भांडं ओट्यावर टक-टक-टक आपटायचं, बुडबुडे वर येतात आणि फुटतात. प्लास्टरमध्ये एक बुडबुडा राहिला तर दातावर एक पुटकुळी येते, तीस वर्षांत येऊ दिलेली नाही! तर मी भुरभुरवतोय, आणि फोन वाजला. डॉक्टरबाई. "काका, मी जरा लवकरच येते, साडेचारला. आणि काकूंनाही बसवा हं. दोघांशी बोलायचंय."

दोघांशी! म्हणजे धीर द्यायला माणूस शेजारी असावं अशी बातमी! फोन खांद्यात, "हो हो, या ना, या ना" चाललंय, आणि हात आपलं काम करतोय. भुरभुरवलं, ढवळलं, आपटलं, केकवर ओतलं. काय ओतलं म्हणता! काठोकाठ, एक ओघळ नाही. लगेच भांडं धुतलं, चमचा धुतला, ओटा पुसला. सवय हो. प्लास्टरचं भांडं दोन मिनिटं तसंच ठेवलं की जन्माचं गेलं. सगळं लखलखीत करून मागे वळलो, आणि ओट्यावर बघतो तर दोन बरण्या.

दोन. शेजारी शेजारी. दोन्हींची झाकणं उघडी. दोन्हींत पांढरं. दोन्ही अर्ध्या!

आता तुम्ही विचाराल, दोन बरण्या आल्या कुठून? अहो, माझी कामाची जागा म्हणजे स्वयंपाकघरामागची बंद केलेली गॅलरी. तिथं नळ नाही. नळ इथं. सकाळीच एका आजोबांच्या कवळीचा साचा ओतला होता, प्लास्टरची बरणी राहिली ओट्यावर. आणि ही कॉफी संपली की बरणी टाकत नाही, एक पिठीसाखरेला, एक मला. चिठ्ठी मी लावली होती, खरंच लावली होती, ती धुण्यात गेली. आणि हिनं मला लग्नाच्या दुसऱ्या महिन्यातच बजावलंय, "तुमची ती माती ज्या दिवशी माझ्या ओट्यावर दिसेल ना, त्या दिवशी..." पुढचं वाक्य तिनं आजवर पुरं केलेलं नाही. मला ते पुरं ऐकायची हौस नाही. म्हणून तिला सांगता येईना. मी काही भित्रा माणूस नाही, पण अशी वाक्यं अर्धीच बरी असतात.

चाखून बघितलं, नाही कसं? तिची पाठ फिरताच दोन्ही बरण्यांत बोट घातलं. डावी गोड, उजवी खडू. पण भुरभुरवलं त्यातलं कुठलं? मेंदू फोनवर, हात ओट्यावर, दोघांची गाठच नाही! तुम्ही म्हणाल, मग केकच चाखायचा. कसा? ही केकसमोर पहाऱ्याला. "बोट लावायचं नाही हं! डाग पडेल. आणि परवा शुगर किती आली होती तुमची? वाचून दाखवू रिपोर्ट?"

मग म्हटलं, आपला धंदा काय सांगतो? प्लास्टर धरायला लागलं की गरम होतं, आतून ऊब येते, हे आमच्या धंद्यातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. हळूच तळवा नेला केकवर... गरम! पण केकच गरम! आता खालचं गरम म्हणून वरचं गरम, की वरचं स्वतःच्या हिमतीवर गरम? बरं, दुसरी खूण, प्लास्टर धरलं की चकाकी जाते. मी वाकून बघतोय, आणि चकाकी चाललीय हो, डोळ्यांदेखत चाललीय! पण साखरही वाळते ना? नखानं कड खरवडायला गेलो. "काय करताय?" "काही नाही, माशी होती." "एवढी वाकून?"

मला पुढचं सगळं दिसायला लागलं. डॉक्टरबाई दोन तुकडे खातात, आवडतो ना त्यांना! घोटभर चहा वर. पोटात ओल, ऊब, सगळी सोय. धरतं ते. मग हॉस्पिटल, मग एक्स-रे, आणि एक्स-रेत त्यांच्या पोटाचा साचा. अगदी हुबेहूब, एक बुडबुडा नाही! "कामात खोट नाही," म्हणतील सगळे, "कुणाचं आहे?" आणि पोलीस माझ्या दारात. मी काही भित्रा माणूस नाही, पण दाराची कडी दोनदा तपासून आलो.

साडेचारला बेल वाजली.

आल्या. बसल्या. पाणी प्यायल्या. म्हणाल्या, "पडदे छान आहेत हं, काकू." मेलो! ही म्हणाली, "आधी केक, मग बोलणं." आणि डाव्या हातानं सुरी लावली. टक्! ऐकलं मी. टक्! केकची सुरी कधी टक् वाजते का हो? ही खूश, "वरून कसं कुरकुरीत झालंय बघ! तुझ्या काकांनी केलंय." डॉक्टरबाईंनी बशी घेतली, "अय्या, किती गुळगुळीत! एक बुडबुडा नाही!" बशीसकट खुर्चीत मागे टेकल्या. "काका, मशीनचं बोलायचं होतं..." आणि केकचा तुकडा उचलला. मी म्हटलं, "आधी चहा घेता?" "नको, नंतर." "पंखा वाढवू?" "नको हो काका." "तुमचे बाबा कसे आहेत?" "मजेत." तुकडा निघाला वर... आणि मला काय झालं मला माहीत नाही. मी झेप घेतली. या वयात! तुकडा त्यांच्या हातातून हिसकावला आणि अख्खाच्या अख्खा कोंबला तोंडात. माझ्या!

मी डोळे मिटलेले. म्हटलं, आपलं प्लास्टर, आपलं तोंड, धरू दे काय धरायचं ते. वाट बघतोय, जीभ जड होईल, टाळू चिकटेल... आणि आधी लिंबाचं आंबट लागलं, मग गोड. गोड! मिट्ट गोड! साखर होती हो, साखरच होती!

"अहोऽऽ!" ही किंचाळली. "पाहुण्यांच्या हातातलं? शुगरवाला माणूस?" आणि मी तोंड भरलेलं, डोळे भरलेले, कण उडताहेत आणि मी सगळं ओकून टाकलं. बरण्या, फोन, चकाकी, पोटाचा साचा, सगळं. आणि एकदा सुटलो तो थांबेचना. म्हटलं, "बाई, तुम्ही मशीन खुशाल ठेवा, माझं काम बंद करा, पण काय ते एकदाच सांगा. तीन दिवस घास उतरत नाही. तीस वर्षांत दुसरं काही शिकलो नाही मी, आता कुठं जाऊ? भितो मी. खूप भितो." बायकोसमोर म्हणालो हो. पहिल्यांदा.

डॉक्टरबाई हसतील असं वाटलं होतं. हसल्या नाहीत. बशी खाली ठेवली. म्हणाल्या, "काका, गेल्या आठवड्यात मशीननं एक दाढ दिली. अंमळ उंच होती. माझ्याही लक्षात आलं नाही, मी बसवली. ते गृहस्थ दोन दिवस कळवळत होते. मी रडायची बाकी होते, आणि मशीन मजेत पुढचा दात करत होतं. त्याला काही वाटतच नाही. बाबा म्हणायचे, काकांचे दात उशिरा येतात, कारण दिलेला दातसुद्धा ते दारातून परत मागतात, एकदा बघतो म्हणून. मी तेच विचारायला आले. दात मशीन करेल. पण दवाखान्यात रोज येऊन बसायचं तुम्ही, आणि तुमच्या नजरेखालून गेल्याशिवाय एकही कुणाच्या तोंडात जाणार नाही. शंका आली की थांबवायचा. दिवसभर घराबाहेर राहावं लागेल, म्हणून म्हटलं काकूंनाही विचारावं."

काकू म्हणाल्या, "ने! आत्ता ने!"

मी कसंबसं गिळलं. म्हटलं, "आणि मला शंका आलीच नाही तर?"

"तुम्हाला?" त्या आता मात्र खो खो हसल्या. "काका, तुम्हाला पिठीसाखरेची शंका आली!"

तर आता रोज जातो. मशीनशेजारी स्टूल आहे माझं. ते घुर्र करतं, दात टपकतो, मी उचलतो, उजेडात धरतो, आणि घाबरतो. मन लावून घाबरतो. इतकी वर्षं घरबसल्या फुकट घाबरलो, आता पगारी घाबरतो. संध्याकाळी घरी येतो, बेल वाजवतो, दार उघडतं... तिथलं मात्र अजून बिनपगारीच आहे.