काच उचलल्यावर बोलणारा एकच

—नाही नाही, आत नका जाऊ ताई, इथंच बसा, त्या स्टुलावर. फ्रेमांना पाठ लागणार नाही एवढं बघा फक्त, रंग ओला आहे. तुमचाच आरसा काढताहेत. ऐका — "उचल" म्हणाले ना आत्ता? ते मोठे भाऊजी, माझे थोरले दीर. म्हणजे आरसा लाकडी घोडीवरून उठला. आता मागची खोली, मग बोळ, मग त्या दोन-तीन पायऱ्या आणि मग गाडी. संध्याकाळपर्यंत तुमच्या वर्गाच्या भिंतीवर लागेल, भाऊजींनी कबूल केलंय म्हणजे लागेलच. मी काय सांगणार त्यात, मी नवीन आहे इथं, लग्नाला वर्षही झालं नाही अजून. मला काउंटरवर बसवलंय ते काही बोलता येतं म्हणून नव्हे, गप्प बसता येतं म्हणून. सासूबाईच म्हणतात तसं — गिऱ्हाइकाला बोलू देणारी सून मिळाली. आणि आज बघा, तुम्ही तोंड उघडायच्या आत मीच सुरू झाले.

आत का नाही जायचं? कारण काच हातात असली की तिसऱ्याचा आवाज चालत नाही. सासऱ्यांनी घालून दिलेला नेम आहे हा. ते गेले, नेम राहिला. काच उचलल्यावर बोलणारा एकच. पुढचा बोलतो, मागचा करतो. मागच्यानं "हो" सुद्धा म्हणायचं नाही — "हो" म्हणायला श्वास लागतो, आणि तेवढ्यानं काच हलते, असं म्हणायचे म्हणे. दोघं दोन अंगांना असतात, एक काचेच्या या बाजूला, एक त्या, म्हणजे ती कुठं कलत नाही. आणि पुढच्यानं एकेकच शब्द टाकायचा. सरक. वळव. टेकव. वाक्य नाही, वाक्य पुरं होईपर्यंत काच पायावर येते. मी नवी आले तेव्हा तर भाऊजींना आणि ह्यांना बघून मला वाटायचं, एकच माणूस चार हातांनी काम करतोय. शब्द संपायच्या आत ह्यांचा हात हललेला असायचा. तुम्हाला हे सांगायला नको म्हणा, तुम्ही नाच शिकवता. तुम्ही "वळा" म्हणता तेव्हा मुलींना आधी समजतं आणि मग त्या वळतात, की—

हो ना? वळल्यावरच समजतं त्यांना. मला हेच विचारायचं होतं तुम्हाला. माप द्यायला आला होतात तेव्हाच विचारणार होते, पण भाऊजी समोर होते.

"सरक." ऐकलंत? आणि त्यामागून पावलं. आली पावलं. ठीक आहे.

नाही, मी घाबरले नाहीये. आणि आरशाची काळजी तर मुळीच नाही, फुटला तर दुसरा कापतील. तुम्हाला आठवतं, मी तुम्हाला म्हटलं होतं की एवढा अखंड कशाला, चार तुकडे करून लावा, न्यायला सोपं, लावायलाही सोपं? आणि भाऊजींनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी दुकानाला कुलूप लावायलाच आले आहे. नंतर सासूबाईंना म्हणाले, तुझी धाकटी सून गिऱ्हाइकाला कमी घ्यायला शिकवते. घरात दोन दिवस तोच विनोद चालला. मीही हसले. काय करणार.

खरं सांगायचं तर मला तो अखंड आरसा नको होता. आता का ते विचारू नका.

विचाराच म्हणा. दुसरं कुणी विचारत नाही.

फडक्यापासून सुरू झालं. म्हणजे मला तिथून दिसलं. मी ओटा पुसत होते, हे शेजारी उभे होते, मी म्हटलं, जरा एवढं फडकं पिळून द्या. आणि हे ते फडकं हातात घेऊन उभे राहिले. पाणी ठिबकतंय, पायावर पडतंय, आणि हे फडक्याकडे बघताहेत. मला वाटलं झाली सुरुवात — नव्या नवऱ्यांची ही जुनी युक्ती, एकदा काम येत नाही असं दाखवलं की जन्मभराची सुटका. मी हसत हसत हवेतच दोन्ही मनगटं फिरवली, अशी. आणि लगेच हे म्हणाले, "अगं, पिळू होय?" आणि पिळलं. अगदी कोरडं. सासूबाई म्हणाल्या, ह्याच्या बापालाही काम सांगितलं की ऐकू येत नसे. मग आमच्या घरात कानांची चौकशी झाली. कान उत्तम, ताई. शेजारच्यांच्या घरातलं भांडण ह्यांना शब्दन् शब्द ऐकू येतं.

मी गप्प राहणारी, तेव्हा मी बघत राहिले. दुसरं येतं काय मला? वर्तमानपत्र वाचतात, त्यावरून भाऊजींशी वाद घालतात, अन्याय, जबाबदारी, सवलत, सगळं व्यवस्थित. कडू समजतं, गार समजतं, ढग म्हटलं की वर बघतात. पण गाठ सोडा म्हटलं — नाही. झाकण फिरवा — नाही. सुईत दोरा ओवून द्या म्हटलं तर सुई दिसते, दोरा दिसतो, आणि मधलं काहीतरी गळून पडतं. हातानं करायचं जे जे काही, तेवढंच. मी त्यांचा हात हातात घेऊन झाकणावर ठेवला, जरासा फिरवला, की लगेच, "हां, फिरवू." म्हणजे शब्द डोक्यातून येतच नव्हता, हातातून वर चढत होता. मला आपलं वाटायचं की अर्थ डोक्यात असतो, पुस्तकात असतो तसा, पान उलटलं की सापडला. आता मी एकटी असले की मनातल्या मनात "पिळ" म्हणते आणि वाट बघते. मनगटात जरासं काहीतरी हलतं. कुणाला दिसणार नाही इतकं. ते हललं की मला बरं वाटतं. वेडेपणा आहे, मला कळतं.

एकदा मी ह्यांना धीर करून विचारलंच. नेमकं काय होतं तुम्हाला? तर म्हणाले, "शब्द ऐकू येतो गं. ओळखीचाही वाटतो. दारावर थाप पडल्यासारखं होतं, पण आत कुणी उठत नाही."

"वळव." हं.

हं. आली पावलं. उशिरानं आली, तुम्हाला जाणवलं? नाही, तुम्हाला कसं जाणवणार. तुम्ही तुमचं पाणी प्या.

मग दुकानात कसं चालतं, असंच ना? मलाही तेच कोडं होतं. म्हणून एक दिवस चहा द्यायच्या निमित्तानं मी बोळात जाऊन उभी राहिले. खिडकीच्या काचा नेत होते, साध्या, आरपार. भाऊजी म्हणाले "वळव" — आणि हे ऐकत नव्हते ताई. हे बघत होते. काचेपलीकडचे भाऊजींचे हात बघायचे आणि आपले हात तसेच करायचे. तेही इतक्या चटकन की भाऊजींना वाटतं भाऊ आपलं ऐकतोय. भाऊजींना अजूनही तेच वाटतंय. साधी काच असते तोवर—

आरशातून पलीकडचं दिसत नाही ना. मागून तो करडा रंग. भाऊजी रंगाच्या अंगाला आहेत आणि हे काचेच्या. म्हणजे आत्ता ह्यांच्या डोळ्यांसमोर दुसरं कुणी नाहीच, फक्त हेच आहेत. इतका मोठा आरसा मी आल्यापासून तुमचाच पहिला.

दाखवलं हो, डॉक्टरांना दाखवलं. घरात सांगितलं चष्मा करायला चाललोय. चांगल्या होत्या डॉक्टरीणबाई, घाई केली नाही त्यांनी. छोट्या हातोडीनं गुडघे ठोकले, बोटं उघडायला-मिटायला लावली, मग शब्द म्हणत गेल्या आणि ह्यांच्याकडे बघत गेल्या. मला म्हणाल्या, "ठोक" म्हटलं की ज्यांचा हात चांगला आहे त्यांच्याही मेंदूत हाताची जागा जराशी चाळवते, हात हलला नाही तरी. ती जागाच दुबळी होत असेल तर कधी कधी हाताच्या आधी हाताचे शब्द अडखळतात. कधी कधी, म्हणाल्या. खात्रीनं नाही म्हणाल्या. ह्यांचा हात उलटा करून बघितला — अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या मधे जो मांसल उंचवटा असतो ना, हा इथला, तो ह्यांचा बसलाय. मी रोज तो हात हातात घेते आणि मला दिसलं नव्हतं. त्यांना दिसलं. तपासण्यांचं कळायचंय अजून. तोवर जड काही उचलू नका, एवढं मात्र दोनदा बजावलं. आणि बाहेर आल्यावर हे मला हळूच विचारतात, "काय करू नका म्हणाल्या?"

मी हसले ताई. तिथं दवाखान्याच्या दारात. रडायचं ते हसले, आणि मग हेही हसले, आणि मग म्हणाले, दादाला सांगायचं नाही. शपथ घे. दादाला कळलं तर तो दुसरा माणूस ठेवेल आणि मग मी कोण? लहानपणापासून त्याच्या शब्दावर हात हलवलाय, दुसरं मला काय येतं? मी घेतली शपथ. नवी बायको, नवऱ्यानं पहिल्यांदा काही मागितलं. घेतली.

तुम्ही असं बघू नका. मला कळतंय तुम्ही काय म्हणताय.

हातापुरतं आहे असं मी धरून चालले होते. हात तर हात. मी आहे ना, माझे दोन आहेत. अहो, परवा मी — जाऊ दे, ते तुम्हाला काय सांगायचं. तुम्ही वयानं मोठ्या, आणि आपली ओळख ती काय. मी ह्यांना म्हटलं, जवळ घ्या मला. एवढंच. आणि ह्यांनी माझ्याकडे बघितलं, त्या फडक्याकडे बघितलं होतं ना, अगदी तसं. प्रेमानं बघत होते हो, ते नाही म्हणत मी. पण वाट बघत होते, मी पुढे काय सांगते याची. मग मीच त्यांचे हात उचलले आणि माझ्याभोवती ठेवले, आणि मग त्यांना समजलं, आणि मग सोडेनात. पण मी तेव्हापासून मोजदाद करतेय की अजून काय काय आहे जे अंगानं कळतं. गिळा. हसा. फुंकर घाला. श्वास घ्या. किती आहेत हो असले शब्द. आपण रोज बोलतो त्यातले निम्मे असलेच आहेत. ते सगळे एकेक करून—

आणि आज सकाळी. वरच्या खोलीतून खाली यायला जिना आहे आमच्याकडे. मी खालून हाक मारली, उतरा आता, चहा निवतोय. आणि हे वरच्या पायरीवर उभे. कठड्याला धरून, एक पाय पुढे, आणि माझ्याकडे तोच चेहरा. हात नव्हता त्यात. नुसते पाय. मी वर गेले, त्यांच्या पुढ्यात एक पायरी उतरून दाखवली, तेव्हा उतरले. चहा पिताना म्हणाले, झोप नीट झाली नाही. मीही म्हटलं, असेल. काय म्हणणार. भाऊजी समोर बसले होते, आरशाच्याच गोष्टी चालल्या होत्या त्यांच्या.

ही बोळातली पावलं. फरशी बदलली की आवाज बदलतो. आता बोळ सरळ आहे, तिथं काही म्हणावं लागत नाही, चालत राहायचं. बोळ संपला की—

ताई, पायऱ्यांशी काय म्हणतात माहीत आहे का?

मी सकाळपासून कपाळाला हात लावून बसलेय आणि माझ्या हे लक्षातच आलं नाही. मी "टेकव"ला घाबरत होते. हाताच्या शब्दांना. पायऱ्यांशी भाऊजी पुढे असतात, उलटे, पाठीकडून उतरतात, आरशाचा सगळा भार त्यांच्या छातीवर येतो, आणि खाली पाय टेकला की वर न बघता म्हणतात, सकाळी जिन्याखालून मी म्हटला तोच शब्द—

बसा तुम्ही. नाही, तुम्ही उठू नका—

भाऊजी. भाऊजी, थांबा, तो शब्द म्हणू नका. हो, मीच बोलतेय. मला माहीत आहे बोलायचं नसतं. तुम्ही पाय वर घ्या. वर या, दोन्ही पाय वर, आधी वर या, मग रागवा. ह्यांना काही सांगू नका, ह्यांना ते समजत नाहीये. भार तुमच्याकडे घेऊ नका, सरळ राहू द्या. अहो. अहो, मी आहे. हा माझा हात तुमच्या हातावर ठेवलाय. असा. आता माझ्याबरोबर खाली. अजून. अजून जरासा. लागला जमिनीला. आता बोटं — थांबा, मी काढते, एकेक काढते. झालं. भिंतीला टेकलाय, धरला आहे भाऊजींनी. माझ्याकडे असं आरशातून बघू नका. मागे वळा आणि बघा. मोडली शपथ, कबूल आहे. भाऊजी, तुम्ही आत्ता काही विचारू नका हो. आधी ह्यांना खाली बसू द्या.

ताई, तुम्ही या आता. आरसा आज नाही मिळायचा. जाताना दार तेवढं ओढून घ्या.