कोळशाच्या मोटारीचं टायमिंग

—न्हाई न्हाई, उठू नगासा उस्ताद, पडूनच ऱ्हावा. हरनाकाकी धुनं घेऊन नदीला गेल्यात, घरात आपुन दोगंच – म्हनून तर आलोय. झटका आल्यापास्नं तुमची जीभ जड झालीया, ठावं हाय मला. बोलू नगा. मी इचारतो, तुमी नुसतं डोळं मिटा.

नानासोची सातारा-सांगली सर्व्हिस गाडी हाय आपल्याकडं. लढाईपायी पेट्रोल न्हाई, म्हनून मागं कोळशाची भट्टी बशीवली – भट्टी मी लावली, नळ्या मी जोडल्या, समदं बराबर. नडलंय फकस्त टायमिंग. कोळशाच्या गॅसवर ठिनगी जरा आदी पडाय पायजे, एवढं कळतंय. पन किती आदी? ते कवा दावलंसा? सात वर्सं तुमच्या हाताखाली काढली – काळं तेल अंगावर झेललं, गाडीखाली पडून शिव्या खाल्ल्या – आन टायमिंग धरायची येळ आली की तुमी म्हनायचा, "कृष्णात, पानी आन जा." दर बारीला! मी हिरीवरनं कळशी भरून येस्तवर इंजान गुरगुरत असायचं, आन तुमी फडक्याला हात पुशीत. लय राग यायचा, खोटं कशाला बोलू? एकदा तर मोकळी कळशी घेऊन भिताडाआड दडलो – तुमी वळकलंसा. मी जाईस्तवर टायमिंगच्या नटाला हात लावला न्हाई.

आता मी कुनाला इचारू? आन – सांगूनच टाकतो – काल म्या अदमासानं टायमिंग सरकीवलं. आप्पासो ड्रायव्हरनं हँडल मारलं, ठिनगी लय आदी पडली आन ते उलटं आलं. मनगट मोडलं त्येचं. "तुजा उस्ताद कोन हाय ठावं हाय मला," म्हनून बिनघोर हँडल धरलं हुतं वो त्येनं! आज दुसरा गडी हुबा हाय हँडलापाशी, माज्या भरवशावर.

ह्यो बगा तळहात. ही टायमिंगची चकती समजा. बोट फिरीवतो, थांबायचं तितं डोळं मिटा. हितं?... हितं?... आवं, मिटा की! रोज तुमचं तोंड पुसतो, कुशी बदलतो – मी परका हाय का?

काय? काय म्हनलासा? हलली की जीभ! बोला उस्ताद, हळू बोला – पा... पानी?

आत्ता?

खरंच तान लागलीया, का... न्हाई, ऱ्हाऊ द्या. डोळं नगा फिरवू.

माठ मोकळा हाय. हिरीवर जाऊन येतो.