मेजरचं पथ्य

(चंपाषष्ठीची दुपार. दार बंद. आत सासू अंजना, सासरे मानसिंग, गरोदर सून शिवांजली आणि पट्ट्याला धरलेला कुत्रा.)

शिवांजली : कडी लावा आई, आधी कडी लावा! शालूबाई पुन्हा ताट घेऊन आल्या आहेत.

अंजना : अगं, येऊंदे की. खंडोबाच्या कुत्र्याला घास घातल्याबिगर आज कोण जेवतंय? आन आळीत न चावता हातातनं घास घेणारं कुत्रं म्हंजे आपला मेजर. बाया जातील कुठं?

शिवांजली : पलीकडच्या गल्लीत जातील. भरीत, रोडगा, कांदा, लसूण, यातलं काहीही ह्याच्या पोटात जायचं नाही. सुमैरा डॉक्टरांनी काय बजावलंय? फक्त मासळी आणि रताळं. कारण ते त्यानं जन्मात कधी खाल्लेलं नाही. अंगाला काय सोसत नाही ते असंच शोधायचं असतं. मध्ये एक जरी घास दुसरा गेला, की सगळं पहिल्यापासून.

अंजना : विट्याची डाक्टरीण हुशार हाय, मी कुठं न्हाई म्हणती? पर देवाच्या परसादानं कुणाला खाज सुटलीया व्हय?

शिवांजली : गेल्या वर्षी ह्यालाच सुटली! चार घरचं भरीत-रोडगा खाल्लं आणि पोट ओरबाडून रक्त काढलं. तुम्ही सगळे खरूज-खरूज करत बसलात.

मानसिंग : मी म्हणालो खरूज. सरळ माझं नाव घे.

शिवांजली : आणि म्हशीचं गोचिडाचं औषध ह्याला चोळलंत, आबा. तोंडाला फेस आला होता त्याच्या.

मानसिंग : झालं ते झालं. किती येळा परेड काढणार माझी? ते ऱ्हाऊंदे. ही सकाळपास्नं नुसत्या पाण्यावर हाय. सहा दिस उपास, त्यात शुगरची गोळी घेतलीया. अंजना, ताट घे म्हणतो ना!

अंजना : मेजर जेवल्याबिगर न्हाई. लगीन होऊन आल्यापास्नं पाळलंय. माझा लेक जयराज तकडं बर्फात ड्यूटीला हुबा हाय, आन ह्याच साली मोडू व्हय?

शिवांजली : मोडा असं मी म्हणत नाही. पण आबांचं बोलणं विसरलात का? बाळ यायच्या आत खाज गेली नाही, तर मेजर धुळा मेंढक्याच्या टेम्पोतनं आटपाडीला. बाळंतपण तोंडावर आलंय, आणि उद्याच येणार आहे टेम्पो.

मानसिंग : ऑर्डर म्हंजे ऑर्डर. कातडं सोललेलं कुत्रं तान्ह्या लेकराजवळ मी ठेवणार न्हाई.

शिवांजली : मग आज त्याचं अंग बघा तरी. आई, फिरवा हात पोटावर. काखेत बघा.

अंजना : आगं बया! केस आल्यात की. कसं मऊ लागतंय.

शिवांजली : आता रात्री खाजवत नाही. आधी फरशीवर पाय आपटत बसायचा, मग मी उठायची, कडुलिंबाच्या पाण्याचा बोळा फिरवत बसायची. तुमचा लेक तिकडे. ह्या घरात माझ्याबरोबर जागायला हाच होता. मला हवाय तो, आई. बाळ आल्यावरसुद्धा हवाय.

मानसिंग : पुन्हा कडी वाजतीया. अमृतची आई दिसती.

शिवांजली : मी बाहेर जाऊन बघते. पट्टा सोडू नका त्याचा.

मानसिंग : अंजना, हिकडं बघ. तोंड पांढरंफटक पडलंय तुझं. बस खाली.

अंजना : बसलीया. तुमी पाठीमागं काय धरलंय?

मानसिंग : काय न्हाई.

अंजना : मूठ उघडा.

मानसिंग : रोडग्याचा तुकडा हाय. नखाएवढा. भरीत सगळं पुसून काढलंय. त्यो खाईल, तू जेवशील, विषय खतम. पोरीला कळायचं बी न्हाई.

अंजना : आन रात्री खाजवाया लागला म्हंजे? उद्या टेम्पोत कोण चढवणार त्येला? तुमीच. आज घास बी तुमीच घालायचा, उद्या हाकलायचं बी तुमीच!

मानसिंग : मग काय करू? तू भोवळ येऊन पडशील, ते बघत ऱ्हाऊ? उभी नोकरी पलटणीत काढली, कशाला भ्यालो न्हाई. तुझ्या उपासाला मातूर भितो.

अंजना : हात मागं घ्या. मेजर, तू बी वास घेऊ नगंस! आवं, मागं घ्या म्हणती न्हवं! माझ्या पोटापायी त्याच्या कातड्याचा जाळ करू व्हय?

मानसिंग : मग मोड उपास.

अंजना : मोडणार बी न्हाई.

मानसिंग : मग मीच खंडोबाचं कुत्रं हून भुंकू का?

शिवांजली : गेल्या एकदाच्या. रागावल्यात, पण गेल्या. आबा, तुमच्या हातात काय आहे?

अंजना : खाली पडला हुता तुकडा, उचलला त्येंनी. शिवांजली, शेजारच्या दिलशादकडं मेजरचं शिजलं का?

शिवांजली : केव्हाच. उपास सुरू झाल्यापासनं आपल्या चुलीवर मासळी चालत नाही, म्हणून तीच करतेय बिचारी. वर रोज विचारते, भाभी, वास आला नाही ना तिकडे? आई, तुमचं सगळं आवरलं की मी आणते.

अंजना : आत्ताच आण.

शिवांजली : आत्ता? अजून नैवेद्य व्हायचाय.

अंजना : देव्हाऱ्याकडं न्हेऊ नगं. हितं उंबऱ्याबाहीर ठेव. आन जाता जाता भंडाऱ्याची वाटी दे मला.

मानसिंग : अगं, आजच्या दिवशी? मासळी? आळी काय म्हणंल?

अंजना : म्हणंल ते म्हणूंदे. देवाच्या कुत्र्यानं आधी जेवायचं, एवढंच सासूबाईंनी सांगितल्यालं. काय जेवायचं, ते त्याच्या अंगाला सोसंल तसं. देवाला काय कळत न्हाई व्हय?

शिवांजली : आई, पण हे एवढ्यावर संपणार नाही हं. मुळापासून बरं होत नाही हे. जन्मभर सांभाळावं लागणार.

अंजना : माझी शुगर सांभाळतोय की समदी मिळून. रडू नगंस, जा. हळू जा, पायरी हाय.

मानसिंग : आन धुळा?

अंजना : फोन लावा त्येला. म्हणावं, टेम्पो मोकळाच जाऊंदे.

मानसिंग : मी ऑर्डर मागं घेतल्याली न्हाई अजून.

अंजना : मग घ्या.

मानसिंग : लावतो फोन. तू आधी बस बघू भिंतीला टेकून.

शिवांजली : हे घ्या आई. कोमट आहे. दिलशादनं काटेबिटे सगळे काढलेत.

अंजना : ये रं. कपाळ कर पुढं. येळकोट येळकोट जय मल्हार. आता काय माझ्या तोंडाकडं बघत बसलाईस? खा रं राजा. मला लय भूक लागलीया.